घरची जुनी सफारी : विकावी की राखावी?

अंबरनाथ पश्चिमेत विम्को नाक्यापासून फॉरेस्ट नाक्यापर्यंत, किंवा आत कोहोजगावच्या गल्ल्यांतून सकाळी चक्कर मारली तर इमारतींच्या कडेला ताडपत्री पांघरून उभ्या असलेल्या मोठ्या गाड्या दिसतात. कुठे सफारी, कुठे जुनी स्कॉर्पिओ, एखाद-दुसरी पजेरो. घेतली तेव्हा मालकाने मोहल्ल्यात मिठाई वाटलेली असते. आज तिचे टायर बसलेले, काचेवर धूळ आणि बॉनेटखाली उंदराचे घर. कापडाच्या धंद्यात अशा मालाला आम्ही पडून राहिलेला माल म्हणतो. तो ना विकला जातो, ना वापरला जातो, आणि दर महिन्याला त्याची किंमत थोडी थोडी उतरत जाते.

व्यापारी बांधवांपुढे आमचा प्रश्न एवढाच आहे. अशी गाडी भंगारवाल्याला देऊन नवी कर्जावर घ्यावी, की थोडा हात काळा करून जुनीच चालती ठेवावी? आमच्या घरी २००३ सालची टाटा सफारी आहे, चारही चाकांना जोर देणारी. तिची नोंदणी दोन वेळा वाढवून झाली आहे, पुढची मुदत २०२८ मध्ये संपते. घरातली तरुण मंडळी म्हणतात, "अब्बा, आता पुरे." त्यामुळे हा हिशेब आम्हाला वहीवर मांडावाच लागला, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम या गाडीची जात समजून घेतली पाहिजे. सफारी १९९८ मध्ये बाजारात आली. ती पुण्याच्या टेल्को कारखान्याची. त्या काळी रस्त्यावर जीप आणि सुमो होत्या. मोठी, उंच, आतून गुबगुबीत आणि तरीही चिखलात न अडकणारी देशी गाडी हे नवलच होते. तिचे इंजिन १९४८ सीसीचे टर्बो डिझेल. त्या वजनाला ते थोडे कमीच पडते, घाटात कळते. परंतु त्यात एक मोठा गुण असा की डिझेलचा पंप यंत्राच्या बळावर चालणारा आहे, संगणकाच्या नव्हे. २००५ मध्ये तीन लिटरचे आणि २००७ मध्ये २.२ लिटरचे इंजिन आले ते कॉमन रेलचे. त्यांत ताकद जास्त, पण बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. २०१९ मध्ये चौकटीवर बांधलेली जुनी सफारी बंद झाली. २०२१ मध्ये तेच नाव घेऊन जी गाडी आली ती पुढच्या चाकांवर चालणारी आहे. नाव तेच, जात वेगळी. सांगायचे कारण इतकेच की जुनी गाडी विकून तशीच नवी घेईन असे कोणी मनात धरले असेल, तर तशी सफारी आता मिळत नाही.

आता घरी काय करता येते ते पाहू. घरी म्हणजे इमारतीच्या आवारात, सपाट फरशीवर. उतारावर किंवा मातीवर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. जॅक हा फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. उचलल्यावर चौकटीखाली लोखंडी घोडी लावावी, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे द्यावेत, आणि मगच खाली जावे. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचून गाडी टेकवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ब्लॉक आधी काही सांगत नाही, एकदम फुटतो. ही गाडी दोन टनांच्या आसपास वजनाची आहे हे ध्यानात ठेवावे.

हत्यारे फार लागत नाहीत. रिंग पाने आणि गोटी पान्यांचा एक चांगला सेट, ग्रीसगन, फिल्टर खोलण्याचा पट्टा, तेल धरायला पसरट घमेले, बॅटरी तपासण्याचा मीटर आणि गाडीची छापील पुस्तिका. पुस्तिका सर्वांत महत्त्वाची, आणि जुन्या गाडीबरोबर तीच हरवलेली असते. कुठल्या डब्यात कुठले तेल, किती लिटर, कुठला बोल्ट किती आवळायचा, हे सारे तिच्यात असते. ती नसेल तर आधी ती मिळवावी, पाना नंतर हातात घ्यावा.

इंजिनचे तेल बदलणे सर्वांना ठाऊक आहे. गाडी थोडी गरम करून, खालचा बोल्ट काढून जुने तेल पूर्ण गळू द्यावे, फिल्टर बदलावा, बोल्टाचा वॉशर नवा घालावा. पण या जातीच्या गाडीत इंजिनशिवाय आणखी चार ठिकाणी तेल असते, आणि तिथेच बहुतेक मालक चुकतात. गिअरबॉक्स, त्याच्या मागे लावलेली ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल आणि मागचा डिफरन्शियल. साध्या मोटारीच्या सवयीने चालणारा मेकॅनिक यातल्या दोन जागा विसरतो. कुठे गिअर ऑइल घालायचे आणि कुठे पातळ एटीएफ, हे पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. डब्यांची अदलाबदल झाली तर महागडा भाग आतून झिजतो आणि वरून काही दिसत नाही. एक गोष्ट उस्ताद लोक शागिर्दाला पहिल्या दिवशी शिकवतात. डिफरन्शियलचे जुने तेल सोडण्यापूर्वी वरचा, म्हणजे तेल भरण्याचा बोल्ट आधी सैल होतो की नाही ते पाहावे. खालचा काढून तेल सांडले आणि वरचा गंजून बसला असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

पावसाळ्याचा विचार आपल्या भागात वेगळा करावा लागतो. २६ जुलै २००५ कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली, तीही गोष्ट ताजी आहे. अशा दिवशी चारचाकी जोराची गाडी आहे म्हणून लोक पाण्यात घालतात. एक्सल बुडेल इतक्या पाण्यातून गेल्यावर काय होते? चालून गरम झालेला डिफरन्शियल एकदम थंड पाण्यात जातो, आतली हवा आकसते आणि आत ओढ बसते. त्यासाठी वरून एक बारीक नळी दिलेली असते, तिच्यातून हवा आत जावी म्हणून. ती नळी चिखलाने बुजलेली असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. पाणी मिसळलेले तेल दुधाळ, लस्सीसारखे दिसते. असे दिसले की किलोमीटर मोजत बसू नये, त्याच आठवड्यात तेल बदलावे. आणि पाणी हवेच्या फिल्टरपर्यंत चढले असेल तर गाडीला सेल्फ मारूच नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. ढकलत किंवा ओढत घरी आणलेली गाडी पुष्कळ स्वस्त पडते.

पुढच्या चाकांना जोर देणारा स्विच हा मालकाच्या अभिमानाचा विषय असतो, पण तो फिरवला जातो वर्षातून एकदा, तोही पाहुण्यांना दाखवायला. हे यंत्र न वापरल्याने जास्त बिघडते. महिन्यातून एकदा मोकळ्या मातीच्या किंवा खडीच्या जागेवर ते लावून शे-दोनशे मीटर गाडी चालवावी, म्हणजे आतली मोटर आणि सांधे अडकत नाहीत. कोरड्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर मात्र ते लावू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडे घसरून तो फरक भरून काढते, कोरड्या रस्त्यावर घसरायला जागा नसते आणि सारा ताण गिअरांवर येतो. पजेरोमध्ये मधला डिफरन्शियल असल्याने तिची एक स्थिती रस्त्यावरही चालते, पण सफारीला तो नियम लागू नाही. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे असावेत. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक दिसली तरी वय पाहावे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गाडीचा हाच स्विच चालेनासा झाला. दिवा लुकलुकायचा, पण पुढच्या चाकांना जोर मिळायचा नाही. एका मोठ्या वर्कशॉपने पाहून सांगितले की मोटर आणि तिचा कंट्रोलर दोन्ही बदलावे लागतील, माल बाहेरून मागवावा लागेल, आणि रक्कम अशी सांगितली की त्यात दुकानात एका ईदचा माल भरता आला असता. आम्ही गाडी परत आणली. उल्हासनगरचे एक वयस्कर उस्ताद आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना विनंती केली, तेव्हा ते रविवारी घरी आले. आधी चहा नको म्हणाले, गोणपाट अंथरून गाडीखाली गेले, आणि मोटरवरचा वायरचा प्लग काढून आमच्या हातात दिला. पितळी टाचण्यांवर हिरवा कळंक चढला होता. बारीक पॉलिश पेपर, स्प्रे आणि थोडे ग्रीस. मग चौकटीला जोडलेली अर्थिंगची वायर काढून तिची जागा चकचकीत घासली. अर्ध्या तासात दिवा स्थिर झाला. उस्ताद एवढेच म्हणाले की जुन्या गाडीत आधी अर्थिंग बघायचे, मग पार्ट. मजुरी घेताना मात्र आम्हालाच संकोच वाटला, इतकी कमी मागितली.

तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर आम्ही बॅटरीची टर्मिनल्स, इंजिनची अर्थिंग आणि खालचे तीन-चार प्लग स्वतः उघडून साफ करतो. बिजलीचे म्हणून सांगितले जाणारे निम्मे रोग इथेच बरे होतात असा आमचा तजुर्बा आहे.

पाण्याची, म्हणजे कुलंटची बाजू तितकीच नाजूक. रेडिएटरमध्ये नळाचे किंवा बोअरिंगचे पाणी घालण्याची खोड सोडावी. त्यातले क्षार आत थर धरतात, बारीक नळ्या बुजतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात माळशेज चढताना काटा लाल पट्टीत जातो. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घालावे आणि ठरल्या मुदतीला बदलावे. होस पाइप थंड असताना दाबून पाहावेत. कडक झालेला किंवा टोकाला फुगलेला पाइप फुटण्याची वाट पाहू नये. गरम इंजिनचे झाकण उघडण्याची घाई कधीही करू नये, हात भाजलेली माणसे आमच्या पाहण्यात आहेत. एकदा डिझेल इंजिन अतिगरम झाले की हेडला बाक येतो, गॅस्केट जाते, आणि शे-दीडशे रुपयांच्या पाइपासाठी हजारोंची पावती फाडावी लागते.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. पावसाळ्यात महिन्याला एकदा तो सैल करून वाटीभर डिझेल सोडावे, तळाला पाण्याचा थेंब दिसतोच. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस द्यावे, ज्यांना निप्पल आहे त्या प्रत्येकाला. गाडी सोडताना खालून "टक" असा आवाज येत असेल तर बहुधा तो क्रॉस मरायला आलेला असतो. पाऊस संपला की खालून जोराच्या पाण्याने चौकट धुवावी, वाळू द्यावी, गंज दिसेल तिथे तारेच्या ब्रशने खरवडून प्राइमर मारावा. आपल्याकडे पाऊस भरपूर, शेजारी रासायनिक कारखाने, लोखंड लवकर खाल्ले जाते. गंज हा जुन्या गाडीचा खरा वैरी आहे, इंजिन नव्हे. इंजिन बांधून मिळते, चौकट बांधून मिळत नाही.

काढलेले काळे तेल गटारात ओतू नये. आपले गटार वालधुनीला मिळते आणि वालधुनी उल्हास नदीला. याच वालधुनीच्या प्रदूषणावरून उल्हासनगरातल्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर कारवाई झाली आणि कापडाच्या धंद्यातल्या किती घरांवर त्याचा परिणाम झाला हे आम्ही जवळून पाहिले आहे. जुने तेल डब्यात साठवून रीतसर तेल गोळा करणाऱ्याला द्यावे.

आता कुठे थांबायचे तेही स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण घरगुती मेकॅनिकीचा उत्साह महाग पडतो. जुन्या सफारीत टायमिंग बेल्ट आहे, रबराचा पट्टा. पुस्तिकेत त्याचे किलोमीटर दिलेले असतात, पण उभ्या गाडीतही रबराचे वय वाढते. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून मुदतीच्या आत बदलावा, आणि जाणकाराकडूनच, टेन्शनरसकट. पंप आणि नोजल घरी उघडू नयेत. ते कॅलिब्रेशनच्या टेबलावरचे काम आहे. कॉमन रेलच्या गाडीत तर चालू इंजिनला कुठे डिझेल गळते ते बोटाने चाचपू नये. आतला दाब हजार बारपेक्षा वर जातो आणि ती धार कातडीतून आत शिरते. पुढचे टॉर्शन बार आणि मागच्या स्प्रिंगा ताणाखाली असतात, त्यांनाही हात लावू नये. ब्रेकचे लायनर ज्याने पूर्वी कोणाच्या देखरेखीखाली बदलले आहेत त्यानेच बदलावेत.

सुट्या भागांबाबत सफारीचा मालक नशीबवान आहे. तिचे बरेचसे भाग कल्याणच्या दुकानांत मिळून जातात, न मिळाले तर मुंबईत ऑपेरा हाउसकडे नवा माल आणि कुर्ल्याला जुना. पजेरोवाल्यांचे हाल मात्र विचारू नयेत. तिची जुळणी २००२ पासून चेन्नईजवळ तिरुवल्लूरला होत असे, ती केव्हाच थांबली, आणि एखाद्या सेन्सरसाठी मालक गावोगाव फोन करीत असतात. जुना भाग घेताना आमचे कापड बाजाराचे धोरण ठेवावे. बिजलीचा, रबराचा आणि ब्रेकचा भाग जुना घेऊ नये. लोखंडाचा, म्हणजे एक्सल, हौसिंग, दरवाजा, हात लावून, उलटून-पालटून घ्यावा.

इथे कारागीर बांधवांसाठी दोन शब्द. पंप बांधणारे, रेडिएटर सोल्डर करणारे, लेथवर बुश काढून देणारे उस्ताद आता साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्या मुलांना हे हुन्नर नको, आणि ज्या तरुणांना गॅरेज काढायचे आहे ते स्कॅनरपासून सुरुवात करतात. स्कॅनर हवाच, पण तो कळंक चढलेला प्लग दाखवीत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जुन्या डिझेल गाड्या अजून बऱ्याच आहेत. अशा गाडीचा मालक घरी बोलावल्यास येणाऱ्या भरवशाच्या कारागिराला चांगली मजुरी देतो. रविवारी दोन गाड्या पाहणारा मुलगाही आपला खर्च काढू शकेल.

आता वहीचा हिशेब. गाडी फर्मच्या नावावर असेल तर आयकरात मोटारीवर उतरत्या किमतीने वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. दहा लाखांची नवी गाडी पाच वर्षांनी वहीत सुमारे ४.४४ लाखांची उरते. बाजारात त्यापेक्षा कमी-जास्त होईल, पण कर्जाचे व्याज तर जाऊनच आलेले असते. पुष्कळ व्यापारी समजतात की गाडीवर भरलेला जीएसटी वजा मिळतो. स्वतःच्या वापराच्या, तेरा माणसांपर्यंतच्या गाडीवर तो मिळत नाही, आणि तिच्या दुरुस्तीवरचाही मिळत नाही. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के दर झाला, पूर्वी बऱ्याच भागांवर २८ होता, तेवढी उसंत मिळाली आहे. दुरुस्तीची पावती मात्र फर्मच्या नावाने घ्यावी, आणि एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांवर रोख देऊ नये, तो खर्च आयकरात मान्य होत नाही. आम्ही सफारीसाठी वेगळी खातेवही ठेवली आहे. ज्या वर्षी तिचा एकूण दुरुस्ती खर्च नव्या गाडीच्या चार-पाच हप्त्यांच्या वर जाईल त्या वर्षी तिला निरोप द्यायचा, असे घरात ठरले आहे. आजवर तशी वेळ आलेली नाही.

कागदपत्रांची बाब राहिली. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला, ती बातमी ऐकून इकडचे लोकही घाबरून गाड्या मातीमोल विकतात. महाराष्ट्रात तसा नियम नाही. पंधरा वर्षांनी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते, त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो, विमा आणि पीयूसी चालू लागते. वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने ५,००० वरून १०,००० रुपये केले आहे, कराची रक्कम वेगळी. आपले कार्यालय कल्याणचे, एमएच-०५. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी तयारीला लागावे. दिवे, वायपर, हॉर्न आणि हातब्रेक घरी तपासून न्यावेत. चौकटीवर कोरलेल्या चेसिस नंबरचा छाप कागदावर घ्यावा लागतो, आणि जुन्या गाडीचा तो नंबर गंजाने बुजलेला असतो. छिन्नी किंवा ग्राइंडर त्यावर अजिबात लावू नये, आकडे पुसट झाले तर गाडीवर संशय येतो. आदल्या रात्री डिझेलमध्ये भिजवलेले फडके त्यावर बांधून ठेवावे, सकाळी मऊ ब्रशने साफ करावे आणि वर पातळ ग्रीस लावावे.